आंब

दिवस उगवायच्या आधी लिंबाजी सोलरच्या प्लेटा पुसत होता. निळ्या काचेत धुकं तरंगायचं, तेव्हा त्याला वाटायचं, आपण आभाळच सारवतोय. गेल्या सालापर्यंत याच रानात तो वाट्यानं हरभरा करायचा. मालकिणीनं रान सोलरवाल्यांना दिलं आणि वाटेकरी रोजंदार झाला.

कडेच्या ओळीत फडकं हातातून निसटून गवतात पडलं. उचलून त्यानं तोंड पुसलं, तर ओठ आंबट झाले. ही तर हरभऱ्याच्या पानांवरच्या दवाची आंब! तो वाकला. प्लेटांवरून निथळणाऱ्या पाण्यावर, गेल्या सालच्या सांडल्या दाण्यांचा हरभरा घाट्यांनी लगडला होता.

उन्हं वर आली तेव्हा तो दरसालासारखा मालकिणीच्या पायरीखाली उभा होता. डहाळ्यांच्या दोन जुड्या त्यानं पुढं ठेवल्या. "आक्का, कोणतीबी उचला. तुमचा वाटा."

"आता कसला रे वाटा?" म्हणत तिनं एक घाटा फोडला, दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग दोन्ही जुड्या सोडून एकत्र केल्या.

"वर ये. चूल पेटवते. आज वाटणी ताटात करू."

लिंबाजी पायरीकडं बघत राहिला. आजवर तिथून वर त्यानं आणलेली तिच्या वाट्याची पोतीच तेवढी गेली होती.