उरलेले आठ आकडे

“अगं, बाहेरून कुलूप घालून गेलीस!” नवरा फोनवर ओरडत होता.

तिने जीभ चावली. आज त्याची रजा होती. न्हाणीघरात त्याचं रोजचं पुटपुटणं चालू असताना तिला तातडीचं बोलावणं आलं, आणि सवयीने तिने लोखंडी दाराला कुलूप ठोकून किल्ली पर्समध्ये टाकली.

“आत्ताच्या आत्ता परत ये. मला बाहेर जायचंय.”

“कुठे?”

तो अडखळला. “केस कापायला.”

“डोक्यावर उरलेत किती? आज नाही कापले तर आभाळ कोसळणार आहे का?” ती हसली. “माझ्या खिडकीवर रांग लागलीय रे. संध्याकाळी येते.”

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी ती विमानतळाच्या तक्रार-खिडकीवर बसते असंच तो समजत होता. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता, पण नियम म्हणजे नियम. फोन आणि पर्स पहारेकऱ्याच्या पेटीत ठेवून ती तळघरातल्या खोलीत शिरली. मागे दार लागलं. काम फत्ते होईपर्यंत ते आतून उघडत नसे.

आत साहेब एकटेच, घामाघूम. एका विमानाच्या संगणकात बाहेरून कोणीतरी घुसलं होतं. वैमानिकांच्या पडद्यावर उंची खोटी, दिशा खोटी, आणि खाली दाट ढग. एकशे चाळीस माणसं वर घिरट्या घालत होती. घुसखोराला हाकलणारा हुकूम तयार होता, पण सोळा आकडे भरल्याशिवाय तो सुटत नव्हता. आठ तिला पाठ, आठ दुसऱ्या कोणाला तरी. दोघांनी संगनमत करू नये म्हणून त्यांच्या नेमणुका दोन वेगळ्या कचेऱ्यांनी केल्या होत्या. एकमेकांचं नावही माहीत नाही. आकडे इथे येऊनच द्यायचे. बोलावणं फक्त यायचं, उलट फोन करायची सोय नव्हती.

रोज भांडी घासताना घोकलेले आपले आठ आकडे तिने भरले. उरलेली आठ घरं रिकामीच राहिली.

“बोलावून पाऊण तास झाला त्याला,” साहेब म्हणाले.

“एवढ्यात मुंगीसुद्धा पोचली असती!” तिचा जीव टांगणीला लागला होता. दार उघडत नव्हतं, कोणी येत नव्हतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं. “असल्या बेजबाबदार माणसाबरोबर त्याची बायको कसा संसार करते कोण जाणे.”

साहेबांनी लाखबंद पाकीट फोडलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून पाठ फिरवून, कुजबुजत त्यांनी जवळच्या चौकीला पत्ता सांगितला.

वर वीस मिनिटांचं इंधन उरलं होतं तेव्हा फोन वाजला.

“माणूस घरातच आहे,” साहेब फोन कानाला लावूनच म्हणाले. “बाहेरून कुलूप आहे.”

“मग तोडा की!”

“तोडताहेत, पण तासभर तरी लागेल.” ते पुन्हा ऐकू लागले. “किल्ली बायको घेऊन गेलीय. फोन उचलत नाही ती बया. कामावर असते म्हणतोय, विमानतळाच्या तक्रार-खिडकीवर.”