स्टोअरमधलं सॉफ्टवेअर

हातकणंगल्याजवळच्या एका फाउंड्रीत कुतुबुद्दीनचाचा बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. २००४ साली तिथं मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा चार महिने शेजारी बसून त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रीतीला एकेक सुटा भाग कुठं असतो, कशाला लागतो, ते सांगितलं. सॉफ्टवेअर बिनचूक चालायला लागलं आणि महिन्याभरात मालकानं चाचांना घरी बसवलं.

"आता सगळं कॉम्प्युटरच सांगतोय की," तो म्हणाला.

चाचा दुसऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर झाले. दोन वर्षांनी तिथंही तेच सॉफ्टवेअर आलं.

"चाचा, कुठं काय ठेवलंय, सांगता का?" सॉफ्टवेअर कंपनीच्या नव्या मुलीनं विचारलं.

"ध्यानात ऱ्हात न्हाय, बाई."

सहा महिन्यांत कारखान्यानं सॉफ्टवेअर गुंडाळलं.


सॉफ्टवेअर कंपनीच्या अहवालात कारण लिहिलं होतं : स्टोअरकीपरला कामाची पुरेशी माहिती नाही.