जावई बघायला आकाशात

मास्तरांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता आणि ब्रेक काही सापडत नव्हता. हेलिकॉप्टर अजून जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंच उठलं होतं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. त्यांच्या आवाजानं भलेभले धडधाकट गडी स्टिअरिंग सोडून रडले होते. माणूस गाडी कशी चालवतो त्यावरून तो संसार कसा करील ते कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. लेकीसाठी आलेल्या एका चांगल्या स्थळाला त्यांनी निव्वळ वळताना सिग्नल दिला नाही म्हणून नकार कळवला होता.

आणि त्या लेकीनं स्वतः निवडला कोण, तर हेलिकॉप्टरचा पायलट! पर्यटकांना शहरावरून फिरवून आणणारा.

"हवेत लटकणाऱ्या माणसाला मी मुलगी देणार नाही," मास्तरांनी ठणकावून सांगितलं. तिनं फोटो पुढे केला तर यांनी पेपर तोंडासमोर धरला. पण पोरगीही बापाचीच. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही, आणि दुसऱ्याशी तर करणारच नाही," म्हणाली आणि गप्प झाली. जिच्या बडबडीनं कान किटायचे, ती आता मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवायची. मास्तरांना घर खायला उठलं. शेवटी त्यांचं काळीज हललं. पण हललं हे कबूल करतील तर ते मास्तर कसले? त्यांनी घरात कुणालाही न सांगता शनिवारच्या पहिल्या फेरीचं तिकीट काढलं. शनिवारची पहिली फेरी त्याचीच असते, हे त्यांनी लेक मैत्रिणीशी बोलत असताना टिपून ठेवलं होतं. पायलटच्या शेजारची जागा हट्टानं मागून घेतली. पोराला पत्ता लागू द्यायचा नाही आणि परीक्षा मात्र कडक घ्यायची, असा बेत होता.

पायलटच्या डोक्यावर हेल्मेट होतं, डोळ्यांवर काळा चष्मा होता. बघायला उरलं होतं ते नाक. नाक बरं होतं.

"डावीकडे दीपगृह," पायलटचा आवाज हेडफोनमधून आला. "खाली मासळी बंदर. समोर दिसतोय तो शहरातला सगळ्यात उंच मनोरा."

मागच्या सीटवरचं नवं जोडपं हरखून फोटो काढत होतं. मास्तर शहराकडे ढुंकूनही बघत नव्हते. ते पायलटचे हात बघत होते. हात शांत होते. कुठे हिसका नाही, की उगाच घाई नाही.

"बरीच वर्षं चालवताय वाटतं?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चिकार."

"दारूबिरू?"

"छे हो!"

"आणि चिडता का? म्हणजे... घरात, बायकोवर वगैरे?"

पायलट हसला. "बायकोवर चिडून जाणार कुठे, काका?"

उत्तर बिनतोड होतं. मास्तरांनी मनातल्या मनात पोराला निम्म्याहून जास्त गुण देऊन टाकले. उरलेले हातचे राखून ठेवले, कारण एकदम सगळे दिले की माणूस शेफारतो.

तेवढ्यात हेलिकॉप्टर समुद्राकडे वळलं आणि वळता वळता डावीकडे कललं. मास्तरांच्या काचेत जिथे आकाश होतं तिथे पाणी आलं. नुसतं पाणी! मास्तरांनी होती नव्हती ती ताकद लावून पायाखालचा पत्रा दाबला. काहीही झालं नाही.

"दिली!" मास्तर किंचाळले. "दिली रे बाबा, दिली! मुलगी दिली तुला! आधी गाडी सरळ कर!"

हेडफोन सगळ्यांच्याच कानांवर होते. मागचं जोडपं फोटो काढायचं विसरलं.

खाली उतरल्यावर पायलटनं मास्तरांना दंडाला धरून बाकावर आणून बसवलं. मग त्यानं चष्मा काढला, हेल्मेट काढलं. आत छान गुळगुळीत टक्कल होतं आणि कानांपाशी पिकलेले केस.

"काका, मुलगी देताय हा तुमचा मोठेपणा," तो म्हणाला, "पण बायकोला विचारावं लागेल. आणि माझी थोरली आता कॉलेजात आहे, तिलाही."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "पण शनिवारची पहिली फेरी... तो दुसरा..."

"हां, ती त्याचीच. आज रजा टाकलीय त्यानं. मुलीच्या वडिलांकडे मागणी घालायला गेलाय." पायलट मान हलवत हसला. "भर वादळात यंत्र अलगद उतरवणारा पोरगा, पण सकाळी फोनवर त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सासरा भलताच खडूस आहे म्हणे."

मास्तरांचा फोन वाजला. घरून होता.

"अहो, आहात कुठे तुम्ही?" बायको दबक्या आवाजात बोलत होती. "तो मुलगा आलाय. केव्हाचा तुमची वाट बघत बसलाय. घाम काय फुटलाय त्याला, हात काय कापतायत! आत्ताच अख्खा चहा सोफ्यावर सांडला बिचाऱ्यानं. तुम्ही आल्या आल्या त्याच्यावर खेकसू नका, हात जोडते तुम्हाला!"

मास्तर उठायला गेले. गुडघ्यांनी साफ नकार दिला. ते पुन्हा बाकावर बसले आणि त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, कारण एका हातात तो राहत नव्हता.

"दुसरा चहा दे त्याला," मास्तर म्हणाले. "आणि सांग, लाजू नकोस म्हणावं. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच तंतरते."