पाहुण्याला काय म्हणतात

नामांतराच्या जाळपोळीला अजून वर्ष उलटलं नव्हतं. जिंतूरला डी.एड.चा सराव पाठ घेताना शैलजानं पोरांना विचारलं, "तुमच्या घरी पाहुण्याला काय म्हणतात?" राम राम, शरणार्थ, सलाम, सगळं फळ्यावर आलं. तिच्याच घरच्या भाडेकरूंची रत्नमाला तेवढी गप्प होती.

"बाबा सांगू नको म्हणलेत, ताई."

"भिऊ नको. हा वर्ग सगळ्यांचा हाय."

"जय भीम," पोरगी पुटपुटली.

शैलजानं तेही मोठ्या अक्षरात लिहिलं. निरीक्षकांनी 'उत्कृष्ट' शेरा दिला. घरी येताच तिनं तो वडलांना, अप्पांना दाखवला, सगळा पाठ हौसेनं सांगितला.

दुसऱ्या दिवशी भाडेकरूंची खोली रिकामी होती. अप्पा उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडत होते.

"बरं झालं तू वदवून घेतलं," ते म्हणाले. "सहा महिने त्यांच्या घरचा चहा पेत होतो आमी."