झिणझिण्या

"आई, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात हो," केतकी सासूला पुन्हा म्हणाली.

"मला बऱ्या येत नाहीत!" शालनताईंनी उडवून लावलं. कामाचा कंटाळा, दुसरं काय?

टाच दुखते म्हणून त्या घरातही रबरी चप्पल घालायच्या. एका सकाळी चपलेचा पट्टा तुटला. अनवाणीच मशीनमधून कपडे काढायला गेल्या, तर असा शॉक बसला की किंचाळून मागे सरकल्या.

वायरमननं सॉकेट उघडलं. "अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. चपलेमुळे तुम्हाला इतके दिवस कळलं नाही."

आणि केतकी रोज ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहत होती. शालनताईंचे डोळे भरून आले. "अगं, ओरडायचंस तरी माझ्यावर!"

"आता ओरडेन," म्हणत केतकीनं त्यांचा हात घट्ट धरला.