आधी आलेलं काम

हर्षदाला तो कीबोर्ड मागच्या फळीवर सापडला, दोन टेबलफॅन आणि एका मिक्सरच्या मागं. जुना, धूळ बसलेला. त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली होती. दौंडच्या त्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला बांधतात तसलीच, छापील.

"काका, ह्यावर मावशीचं अक्षर हाय."

हौसरावनं चष्मा लावला.

नाव : सौ. सुलक्षणा. तक्रार : माझ्या कीबोर्डची बटणं जड आहेत, बोटं दुखतात. ह्याची हलकी बटणं काढून त्याला बसवणे. तारीख : १४ ऑगस्ट २००२.

दीड वर्ष झालं होतं. त्याची बायको सुलक्षणा जाऊन चार महिने.

दुकानाच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ती लग्नपत्रिका आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. आता तिची भाची हर्षदा केडगावहून येऊन करत होती. बटणांचं सुलक्षणानं तीन-चार वेळा तोंडी सांगितलं होतं. दर वेळी तो म्हणाला होता, आधी गिऱ्हाइकाचं. मग तिनं शिरूरच्या भंगारवाल्याकडून हा कीबोर्ड आणला, चिठ्ठी भरली आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत ठेवून दिला. तेव्हा तो हसला होता.

"टाकून देऊ का?" हर्षदानं विचारलं.

"तुझ्या पुढ्यातला काढ. इकडं आण."

"आन् पत्रिका? उद्या द्यायच्यात."

"आण म्हणतो ना."

त्यानं दोन्ही कीबोर्ड उलटे करून उघडले. बटणांचे पाय सारखेच होते. प्रत्येकाला दोन. पायावरचा कथलाचा डाग वितळवायचा, पंपानं ओढून घ्यायचा, बटण वर ढकलायचं. अक्षरांची तेवढी बदलली तरी पुरे होतं. चाळीसेक बटणं.

सुलक्षणा वापरायची त्या कीबोर्डच्या बटणांवरच्या टोप्या त्यानं एकेक उपटून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. निम्म्यांवरची अक्षरं पुसली होती. सोल्डरिंगची गरम कांडी जवळ गेली तसा बामचा वास यायला लागला. खाचांमध्ये पिवळा थर बसला होता. ती बोटांना बाम चोळून टायपिंगला बसते हे त्याला माहीत होतं. एवढा चोळते हे माहीत नव्हतं.

तो चिंधीनं थर पुसायला लागला. मग चिंधी बाजूला ठेवली आणि तसंच पुढचं बटण काढलं.

एक वाजता बानूबाई आली. तिची मेंढरं सध्या वाटेवरच्या एका रानात बसली होती. तिनं चंचीतून गिऱ्हाइकाकडं राहणारी अर्धी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

"माझा रेडू वाजाया लागला का?"

"बसा. व्हायचाय."

"पाच मिन्टाचं काम म्हनला होता."

"पाच मिन्टाचंच हाय. पर हे आधी आलंय."

बानूबाईनं वाकून बघितलं. "हे तर तुमच्या बायकूचं. घरचंच की."

"तारीख बघा."

"मला कुठं वाचाया येतंय?" ती स्टुलावर बसली. "ती असती तर आतापातूर चा झाला असता माझा."

हर्षदा चहा सांगायला उठली. हौसराव मान खाली घालून काम करत राहिला. त्यानं हलकी बटणं सुलक्षणाच्या कीबोर्डमध्ये बसवली आणि जड बटणं भंगारातल्यात. डाग मारले. टोप्या जागच्या जागी दाबल्या. मग सुलक्षणाचा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडून तो बाजूला झाला.

हर्षदानं दोन ओळी टाइप केल्या. आवाज जवळजवळ आलाच नाही.

"काका, बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उठतंय. किती वेळ लागला हो?"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तीन वाजायला आले होते.

"अडीच तास."

"एवढंच?"

"एवढंच."

मग त्यानं बानूबाईचा रेडिओ उघडला, तुटलेली तार जोडली, लावून बघितला. बानूबाईनं तो कानाला लावला आणि स्टुलावरच बसून राहिली.

हौसरावनं सुलक्षणाची चिठ्ठी समोर घेतली. दुरुस्त झाल्याची तारीख लिहिली. खाली 'वस्तू मिळाली, सही' अशी रेघ होती. त्यानं पेन बंद केलं.

"तिची अर्धी कुठं हाय, बघ."

हर्षदानं कॉम्प्युटरच्या टेबलाचा खण उपसला. टाचण्या, कोऱ्या पत्रिका, बामची रिकामी बाटली.

"न्हाई इथं. काका, मी करते की सही. मलाच वापरायचाय न्हवं?"

"चिठ्ठी नसली तर वस्तू देत न्हाई आपण."

हर्षदा हसली. मग त्याच्याकडं बघून थांबली.

"आन् माझ्या पत्रिका?"

त्यानं भंगारातला कीबोर्ड तिच्यापुढं सरकवला. "ह्याच्यावर कर. तुझी बोटं अजून चांगली हायेत."

सुलक्षणाच्या कीबोर्डची वायर काढून त्यानं तिचं नीट वेटोळं केलं. चिठ्ठी सुतळीनं परत बांधली. तयार मालाच्या फळीवर दोन इस्त्र्या सरकवून त्यानं जागा केली आणि तो तिथं ठेवला.

मागं हर्षदानं टायपिंग सुरू केलं. टक, टक, टक. तोच आवाज. बानूबाईनं रेडिओ बारीक केला आणि वळून कोपऱ्याकडं बघितलं.

हौसराव फळीपुढंच उभा होता. फळीच्या वर सुलक्षणानंच टाइप करून चिकटवलेला कागद होता. दुरुस्त झालेली वस्तू एक महिन्याच्या आत घेऊन जावी. त्यानंतर दुकान जबाबदार राहणार नाही.