भराव

डंपर मागं घेता घेता नवनाथनं ब्रेक मारला आणि खिडकीतून मान बाहेर काढली. "काका, पलीकडून कुणीतरी बाई हात करतीय."

"करू दे. बहीण हाय माझी," दत्तोबा म्हणाला. "तू मागं घे."

इंद्रायणी इथं वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला दत्तोबाचं रान, आतल्या अंगाला त्याच्या बहिणीचं, कौशल्याबाईचं, सासरचं. पाणी सगळ्या जोरानं दत्तोबाच्या काठावर आदळतं, तळातून माती ओढतं आणि पलीकडं, जिथं त्याला दम लागतो तिथं, टाकून देतं. आधी दत्तोबाचा पंप गेला, मग जांभूळ. आता काठ सरकत सरकत चाकणच्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांपाशी आला होता. शेवटच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा भाडेकरूनं त्यावर कॅलेंडर लावलं आणि दत्तोबानंही समाधान मानलं. परवा भाडेकरू खोली सोडताना कॅलेंडर काढून घेऊन गेला. तेव्हापासून दत्तोबाचा पाय एका जागी ठरेना. भोसरीत पाडलेल्या एका इमारतीचा राडारोडा त्यानं मागवला तो म्हणून.

कौशल्याबाई वांग्यांच्या वाफ्यातून पाण्याच्या कडेला आली. पात्र अरुंद, साध्या आवाजातलंही ऐकू जातं. पण ती ओरडतच होती.

"दादा, तिकडं भराव घातलास तर पाणी माझ्याकडं कलंल. वांगी जातील माझी."

"ज्या मातीत वांगी लावलीस ना कौसे, तिच्यावर माझं जांभूळ होतं."

"मंग? मी पाटीनं वाहून आणली व्हय?"

नवनाथ हसला. दत्तोबानं वळून पाहिलं, तसा तो आरशात बघू लागला.

"बापाच्या रानाचं हक्कसोड लिहून दिलंस तू," दत्तोबा म्हणाला. "कचेरीत बसून, चांगली सही करून. साडी नेसवली होती मी. आठवतंय का?"

"आठवतंय की. वांग्यांवर औषध मारताना तीच नेसते." ती पाण्याकडं एक पाऊल सरकली. "सही मी केली, दादा. नदीनं कुठं केलीय?"

दत्तोबानं तिच्याकडं पाठ फिरवली.

"काका, टाकू का नको?" नवनाथनं विचारलं.

दत्तोबानं तडा गेलेल्या भिंतीकडं पाहिलं. "काठाला लाव. अगदी काठाला. पाण्यात पडलं पाहिजे."

"भुई पोकळ लागतीय, काका."

"माझी भुई तू मला शिकवणार? घे मागं."

डंपर मागं सरकला. पाठीमागचा हौदा कुरकुरत उचलला गेला, आतलं सगळं ओझं मागच्या चाकांवर आलं. पलीकडं कौशल्याबाई वांगी विसरली.

"दादा, तू तरी बाजूला हो."

गवतातून भेगेची एक रेघ पळत गेली. नवनाथनं ती आरशात पाहिली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून जी पुढं काढली, ती थेट रस्त्याला लावली. त्याच्यामागं काठ खाली बसला. घाई न करता, गुडघे दुखणाऱ्या माणसानं बसावं तसा. हौद्यातून सांडलेला राडारोडा गेला, त्याच्या पाठोपाठ शेवटच्या खोलीची नदीकडची भिंत गेली. आतला निळा रंग आणि कपडे वाळत घालायची रिकामी दोरी उजेडात आली.

दत्तोबा पडलेल्या भिंतीपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्या चपलेपुढं जमीन नव्हती.

विटा होत्या तिथंच बुडाल्या. माती मात्र थांबली नाही. गढूळ पट्टा तिरका होत होत वळणाच्या आतल्या अंगाला निघाला.

कौशल्याबाई गुडघाभर पाण्यात होती. कधी शिरली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. दादा उभा आहे, हे तिनं आधी नीट पाहून घेतलं. मग पायाशी आलेल्या गढूळ पाण्याकडं पाहिलं.

"माती पोचली रे, दादा," ती म्हणाली. माहेरहून दिवाळीचा डबा यायचा, तेव्हा म्हणायची तसं.